दवाखाना गावात, माणूस मळ्यात

गावपातळीवरच्या सोयींची मोजणी कशी करावी, याविषयी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचे दुखणे एकच आहे. कागदावर सोय जवळ दिसते, प्रत्यक्षात ती लांब पडते.

प्रश्न : आमच्या गावचे आरोग्य उपकेंद्र गावठाणात आहे, म्हणून प्रत्येक अहवालात 'सुविधा गावातच उपलब्ध' असे लिहिले जाते. पण निम्म्याहून जास्त लोक मळ्यांत आणि वस्त्यांवर राहतात. काही वस्त्या पाच-सहा किमीवर आहेत. ग्रामसभेत ठराव मांडायचा तर हे अंतर कसे दाखवावे?
— ग्रामपंचायत सदस्या, सांगोला तालुका

उत्तर : अहवाल खोटा नाही, त्याचे एकक चुकीचे आहे. २०११च्या जनगणनेतल्या गावनिहाय सुविधांच्या तक्त्यात महसुली गाव हेच एकक होते. सुविधा गावच्या हद्दीत असली की 'आहे'. नसेल तर जवळच्या ठिकाणाचे अंतर तीन गटांत नोंदायचे: ५ किमीच्या आत, ५ ते १० किमी, १० किमीच्या पुढे. तुमच्याकडे शिवार अफाट आणि घरे रानात विखुरलेली. त्यामुळे हद्दीतल्या हद्दीत सहा किमी चालणारी बाई या तक्त्यात उपकेंद्राच्या दारातच राहते.

तेव्हा आधी गाव मोडून वस्त्यांची यादी करा. अंगणवाडीचे कुटुंब सर्वेक्षण रजिस्टर आणि आशांची यादी समोरासमोर ठेवा. मतदारयादीत भागनिहाय वस्त्यांची नावे सापडतात, तेवढ्यापुरतीच ती वापरा. डोकी मोजायला ती कामाची नाही, कारण अठरा वर्षांखालची मुले तिच्यात नसतात आणि पुण्याला स्थायिक झालेल्यांची नावे वर्षानुवर्षे तशीच असतात. ५०० मीटरच्या आतली घरे एका वस्तीत धरा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतही साधारण हीच रीत आहे, म्हणजे पुढे आकडे जुळवताना वाद होत नाही. वस्तीचा बिंदू घरांच्या मध्यावर घ्या, शेतजमिनीच्या मध्यावर घेऊ नका.

उपग्रह चित्रावरून छपरे मोजून लोकसंख्या काढण्याचा मोह होतो. आपल्या भागात ते फसते. गोठा, मोटारीची खोली, कांद्याची चाळ, कोंबड्यांची आणि बेदाण्याची शेड ही सगळी वरून घरासारखीच दिसतात. आधी वीसेक छपरे प्रत्यक्ष जाऊन पाहा, त्यांतली राहती किती ते काढा आणि त्या प्रमाणात एकूण आकडा कमी करा.

आता एक काल्पनिक गाव घेऊन हिशेब करू. लोकसंख्या २,४००. गावठाणात ९०० लोक, उपकेंद्रापासून सरासरी ०.३ किमी. चार वस्त्या: ५०० लोक २ किमीवर, ४५० लोक ३.५ किमीवर, ३५० लोक ४.५ किमीवर, २०० लोक ६ किमीवर. प्रत्येक ठिकाणी लोकसंख्येला अंतराने गुणा, बेरीज करा आणि २,४०० ने भागा. उत्तर २.३४ किमी येते. नुसत्या पाच ठिकाणांची सरासरी काढली असती तर ३.२६ आली असती. ती चुकीची, कारण २०० लोकांची वस्ती आणि ९०० लोकांचे गावठाण तिने एकाच पारड्यात टाकले.

पण ठरावात सरासरी पुढे करू नका. दोन आकडे द्या. ३ किमीच्या पलीकडे राहणारे १,००० लोक, म्हणजे जवळपास ४२ टक्के. आणि सर्वांत लांबचा दहावा हिस्सा किती अंतरावर आहे, तर ४.५ किमी किंवा त्याहून जास्त. 'अंतर शून्य' या नोंदीसमोर हे दोन आकडे आले की बैठकीत चर्चा सुरू होते, हा आमचा अनुभव आहे. सोबत वस्त्यांची नावे द्या, कारण टक्केवारीवर कुणी फाटा फोडू शकतो, नावावर फोडणे अवघड जाते.

प्रश्न : आमची वस्ती उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. 'तीन किमीच्या आत उच्च प्राथमिक शाळा आहे' असे वर्तुळ काढून सांगितले गेले. ती शाळा पाण्यापलीकडे आहे. मोजताना सरळ अंतर धरायचे की रस्त्याचे? आणि रस्त्याचे अंतर अचूक कसे काढायचे?
— शिक्षक, करमाळा तालुका

उत्तर : रस्त्याचे. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किमी आणि सहावी ते आठवीसाठी ३ किमी अशी मर्यादा आहे. ती मुलाच्या चालण्यासाठी आहे आणि मूल काही वर्तुळाच्या त्रिज्येवरून चालत नाही.

दोन्ही अंतरे काढा आणि रस्त्याच्या अंतराला सरळ अंतराने भागा. सपाट माळरानावर हा भागाकार बहुधा १.२ ते १.४ येतो. २च्या वर गेला की मध्ये काहीतरी आडवे आहे असे समजावे: नदी, फुगवटा, कालवा नाहीतर लोहमार्ग. तुमच्या वस्तीचा भागाकार काढून अर्जावर लिहिलात तर वर्तुळाला ते पुरेसे उत्तर आहे. नाव चालते म्हणून पाण्यावरचे अंतर धरा, असे कुणी म्हटले तर ते मान्य करू नका. शाळेच्या दोन्ही वेळांना, वारा-पावसातही भरवशाने चालणारे साधन असेल तरच ते मोजणीत यावे.

मोबाईलवर मार्ग नोंदवणारे कोणतेही ॲप चालेल. मोकळ्या आकाशाखाली बिंदूची चूक पाच-दहा मीटर असते, ती चालते. मात्र वाटेत बोलत उभे राहिलात तर नोंद थांबवा. फोन जागच्या जागी इकडेतिकडे भरकटत राहतो आणि अंतर उगीच वाढते. दुचाकीच्या मीटरवरून मोजणार असाल तर आधी मैलाच्या दोन दगडांमधले पाच किमी चालवून मीटर किती जास्त-कमी दाखवते ते तपासा.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी क्यूजीआयएस हे नकाशांवर मोजणी करण्याचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. तीन जागी हटकून चुका होतात. पहिली, अक्षांश-रेखांशात असलेल्या नकाशावर थेट अंतर मोजणे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किमी, पण सोलापूरच्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०६ किमीच भरतो. त्यामुळे नकाशा आधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपात आणा, सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. दुसरी, अक्षांशाचा १७ आणि रेखांशाचा ७५ हे आकडे उलट रकान्यांत भरणे. सगळ्या वस्त्या आर्क्टिक समुद्रात जाऊन बसतात. ही चूक निदान लगेच दिसते तरी.

तिसरी चूक दिसत नाही, म्हणून तिला जपावे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर डांबरी रस्ते बऱ्यापैकी असतात. पाणंद आणि शिवरस्ते एक तर नसतात, नाहीतर टोकाला जोडलेले नसतात. पडद्यावर दोन रेषा भिडलेल्या दिसतात, पण त्यांचा बिंदू सामाईक नसतो. मग सॉफ्टवेअर दहा किमीचा वळसा दाखवते किंवा वाटच नाही म्हणते. शिवाय वस्ती रस्त्यावर नसेल तर ते तिला जवळच्या रस्त्याला सरळ रेषेत जोडून टाकते, मध्ये ओढा असला तरी. वस्ती ते रस्ता ही जोडरेषा ३०० मीटरहून लांब असेल अशा सगळ्या वस्त्या वेगळ्या काढून हाताने तपासा.

भीमा आणि सीनाकाठच्यांनी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे विसरू नयेत. त्यांवरून माणूस जातो, दुचाकी जाते, रुग्णवाहिका जाईलच असे नाही. आणि नदीला पाणी आले की सगळेच बंद. म्हणून पायी, दुचाकी आणि चारचाकी अशा तीन वाटा स्वतंत्र ठेवा. लोहमार्गाखालचा भुयारी रस्ता पावसात तुंबत असेल तर तोही याच हिशेबात धरा.

प्रश्न : तालुक्याचे ठिकाण आमच्यापासून १८ किमी. तक्त्यात आमचे गाव 'मध्यम अंतर' या गटात येते. पण एसटी दिवसातून दोनदाच आहे आणि एका दाखल्यासाठी अख्खा दिवस जातो. हे कुठे दिसायला हवे?
— शेतकरी, मंगळवेढा तालुका

उत्तर : वेळेच्या रकान्यात, आणि वेळ दारातून निघाल्यापासून दारात परत येईपर्यंतचा.

नमुन्यादाखल एक दिवस मांडू. वस्तीपासून फाटा ३ किमी. सोबत म्हातारे माणूस असेल तर एक तास धरा. घरून ६.२०ला निघाले, ७.२०ला फाट्यावर, ७.३०ची गाडी, ८.१०ला तालुक्याला. कार्यालय ९.४५ला उघडते. नंबर लागून काम १०.३०ला झाले. परतीची गाडी दुपारी ४ची. फाट्यावर ४.४०, घरी ५.४०. एकूण ११ तास २० मिनिटे. त्यात गाडीतला प्रवास १ तास २० मिनिटे, चालणे २ तास, काम पाऊण तास. उरलेले सव्वासात तास नुसते थांबण्यात गेले. याच वस्तीवरून दुचाकीवाला नऊला निघून अकरा-सव्वाअकरापर्यंत परत येतो. १८ किमी हा आकडा दोघांसाठी सारखाच आहे!

म्हणून प्रत्येक वस्तीसाठी दोन रकाने करा, घरात दुचाकी असलेले आणि नसलेले. तेवढ्याने भागत नाही. दुचाकी घरची असली तरी दुपारी ती रानात किंवा कारखान्यावर गेलेली असते, आणि तापाने फणफणलेले मूल संध्याकाळची वाट बघत बसत नाही. 'मंगळवारी दुपारी बारा वाजता घरातल्या बाईला एकटीने जायचे झाले तर कशाने जाल?' असा नेमका प्रश्न विचारा. 'वाहन आहे का?' या प्रश्नाला मिळालेले 'हो' फारसे उपयोगाचे नाही.

शहरी वाहतुकीच्या अभ्यासात दोन गाड्यांमधल्या अंतराच्या निम्मा वेळ म्हणजे सरासरी थांबणे, असे धरतात. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बससाठी ते ठीक. दिवसाला दोन फेऱ्या असताना लोक वेळ बघूनच घराबाहेर पडतात, त्यांचा वेळ फाट्यावर कमी आणि तालुक्याला जास्त जातो. इथे वेगळे विचारावे: पहिल्या गाडीने पोचून शेवटच्या गाडीने परतताना मधल्या वेळेत काम बसते का? मुक्कामी गाडी असलेल्या गावांना सकाळी फायदा होतो, तोही नोंदवा. शाळेसाठी सोडलेली फेरी सुट्टीत बंद होत असेल तर तेही लिहा.

वेगासाठी आम्ही वापरतो ते ढोबळ आकडे असे: एकटा धडधाकट माणूस पायी ताशी ४.५ किमी, मूल किंवा वृद्ध सोबत असताना ३. दुचाकी पाणंदीवर १२ ते १५, डांबरीवर ३५. तुमच्या रस्त्यावर एकदा घड्याळ लावून पाहा आणि हे आकडे बदला. काळ्या रानातली पाणंद मे महिन्यात झकास असते. परतीच्या पावसात तिथे चाकाला चिखल धरून दुचाकी जागची हलत नाही. म्हणून मोजणी मेमध्ये एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा, अशी दोनदा करा. दोन्हींची सरासरी काढू नका, कारण असा सरासरी दिवस वर्षात कधी उगवतच नाही. आषाढी वारीच्या आठवड्यात गाड्या पंढरपूरकडे वळवल्या जातात, रस्त्यांवर बंदोबस्त असतो. तो आठवडा टाळा किंवा स्वतंत्र लिहा. गळीत हंगामात ऊसवाहतुकीने रस्ता अडतो, त्याची एका ओळीत टीप पुरे.

प्रश्न : निकषात लोकसंख्या बसत नाही म्हणून आमच्या भागाला नवे उपकेंद्र मिळत नाही. निकषच चुकीचा आहे, असे आकड्यांत सिद्ध करता येते का?
— माजी सरपंच, करमाळा तालुका

उत्तर : येते. कागद-पेन्सिल पुरते. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. डोंगरी, आदिवासी आणि दुर्गम भागात ३,००० आणि २०,०००. आपला जिल्हा मोजला जातो सपाट भागात.

२०११ मध्ये जिल्ह्याची घनता दर चौरस किमीला २९० होती. या घनतेने ५,००० लोक सुमारे १७ चौ. किमीत राहतात. गोल धरले तर केंद्रापासून काठ २.३ किमी. आता घनता १०० घ्या. तेच ५,००० लोक ५० चौ. किमीत पसरतात आणि काठ ४ किमीवर जातो, १.३ने गुणून रस्त्याचे अंतर काढले तर ५.२ किमी. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हाच हिशेब केला तर काठ साडेपाच-पावणेसहा किमीवरून जवळजवळ १० किमीवर जातो, रस्त्याने पावणेतेरा. निकष सर्वांना सारखा, चालणे विरळ भागाला सुमारे १.७ पट. यात कुणाच्या कामचुकारपणाचा प्रश्न नाही, हे गणितच तसे आहे.

शिवाय २९० हा आकडा सोलापूर शहराचे साडेनऊ लाख लोक धरून आहे. शहर वगळले की तो २३०च्या आसपास येतो. २०११ नंतरचे गावनिहाय आकडे नसल्याने आजही बहुतेक कागदपत्रे याच पायावर उभी आहेत. तेव्हा आपल्या पंचायत समिती गणाचे क्षेत्रफळ आणि लोकसंख्या घेऊन हीच आकडेमोड अर्जाला जोडा.

एक सूचना. केवळ इमारतीची मागणी करू नका, ठरलेल्या वारी येणाऱ्या फिरत्या पथकाचीही करा आणि त्याच्या उपयोगाची मोजणी सेवेनुसार करा. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या मिळत असतील तर पंधरा दिवसांनी येणारे पथकही पुरते. बाळंतपणाला आणि सर्पदंशाला त्याचा उपयोग शून्य, तिथे चारचाकीने लागणारी मिनिटेच मोजली पाहिजेत.

प्रश्न : केंद्र ७ किमीवर आहे, पण डॉक्टर आठवड्यातून निम्मे दिवसच भेटतात. आमच्याकडचे लोक सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. अशा ठिकाणी उपलब्धता मोजायची कशी?
— आरोग्य सेविका, अक्कलकोट तालुका

उत्तर : इथे अंतर एकटे पुरत नाही, माणसे आणि मनुष्यबळ यांचा मेळ घालावा लागतो. वेई लुओ आणि फाहुई वांग यांनी २००३ मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची पद्धत यासाठी सोपी आहे.

पहिल्या टप्प्यात प्रत्येक केंद्रापासून, समजा, ३० मिनिटांत येऊ शकणारे सर्व लोक मोजा आणि डॉक्टरांच्या संख्येला त्या लोकसंख्येने भागा. 'अ' केंद्रात २ डॉक्टर आणि आवाक्यात २८,००० लोक, म्हणजे दर १०,००० लोकांमागे ०.७१. 'ब' रुग्णालयात ३ डॉक्टर आणि ६०,००० लोक, म्हणजे ०.५. दुसऱ्या टप्प्यात वस्तीकडून बघा. जिला दोन्ही ३० मिनिटांत गाठता येतात तिचा आकडा १.२१, जिला फक्त 'अ' गाठता येते तिचा ०.७१, आणि जिला एकही नाही तिचा शून्य.

डॉक्टर मंजूर पदांनुसार मोजू नका, भरलेल्या पदांनुसारही नको. हजेरीने मोजा. सहा कामकाजाच्या दिवसांपैकी तीनच दिवस भेटत असतील तर २ डॉक्टर म्हणजे १ धरा. त्यासाठी वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी न सांगता नोंद घ्यावी लागते. एकाच वारी केलेल्या नोंदी फसव्या असतात, कारण लसीकरणाच्या किंवा बैठकीच्या दिवशी चित्र वेगळेच असते. आणि नोंद करताना कारणही लिहा. डॉक्टर शिबिराला किंवा शवविच्छेदनाला गेले असतील तर ती गैरहजेरी नाही, रुग्णाला मात्र ते भेटले नाहीत. दोन्ही गोष्टी वेगळ्या रकान्यांत राहिल्या की कर्मचाऱ्यांवर अन्याय होत नाही.

३० मिनिटांची रेघ मनानेच ठरवलेली असते. म्हणून २० आणि ४५ मिनिटे धरूनही गणित करून पाहा. वस्त्यांचा क्रम फारसा बदलला नाही तर निष्कर्ष पक्का. बदलला तर तसे स्पष्ट लिहा.

सीमेचा मुद्दा फार जणांच्या नजरेतून सुटतो. नकाशा जिल्ह्याच्या हद्दीवर कापला की काठावरची गावे उगाच कंगाल दिसतात. अक्कलकोटहून माणूस विजयपूर किंवा कलबुर्गीकडे जातो, बार्शीकर धाराशिवकडे, सांगोलेकर जत-आटपाडीकडे. तुमच्या वेळमर्यादेत बसतील तेवढी हद्दीपलीकडची केंद्रेही यादीत घ्या, आणि त्या केंद्रांवर तिकडच्या लोकांचा भार आहे तोही धरा. मात्र हे सेवेगणिक ठरवा. बाह्यरुग्ण तपासणीला राज्याची हद्द आड येत नाही. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, मुलाच्या शाळेचे माध्यम यांना येते.

प्रश्न : रास्त भाव दुकान गावातच, अर्ध्या किमीवर. तरी धान्यासाठी दोन-तीन हेलपाटे होतात. हे मोजता येईल का?
— गृहिणी, मोहोळ तालुका

उत्तर : जरूर, आणि सर्वांत सोप्या रीतीने. अंतराला फेऱ्यांनी गुणा. दुकान ०.५ किमीवर आणि काम पहिल्याच फेरीत, तर जाऊन-येऊन १ किमी. वस्तीवरून ४ किमी येऊन तीन फेऱ्या, तर २४ किमी.

प्रत्येक रिकाम्या फेरीचे कारण त्याच दिवशी लिहून ठेवा, महिन्याने आठवून लिहिलेले धरू नये. कारणे थोडीच असतात: दुकान बंद, माल आला नाही, ई-पॉस यंत्राला रेंज नाही, अंगठा उमटला नाही. शेवटच्या कारणाखाली वय आणि कामही लिहा. ऊसतोड, विडीकाम किंवा बांधकाम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि वृद्धांचे ठसे पुसट. एकाच वस्तीवर हे कारण वारंवार आले तर तक्रार दुकानदाराविरुद्ध न करता पुरवठा शाखेकडे पर्यायी ओळख पडताळणीची मागणी करावी. रेंजचे कारण जास्त असेल तर किती वाजता जोडणी मिळते ते आठवडाभर टिपा आणि वाटपाची वेळ तशी बदलून मागा.